कुठेही बोट लागलं की

"बंद करा ते! आधी बंद करा!"

बिसोमेनिके इतक्या मोठ्यानं ओरडली की ग्रंथालयाच्या तुळयांवरची कबुतरं उडाली. भिंतीवरच्या पडद्यावर विहाराच्या वेबसाइटचं नवं पहिलं पान उजळलं होतं. मधोमध सोनेरी बुद्धमूर्ती, मागं उगवता सूर्य, खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या साडीतल्या एका म्हातारीचा फोटो, आणि पाठोपाठ कर्ण्यातून सुटलेलं पिरित. भिक्खूंच्या धीरगंभीर आवाजातला हा मंगलपाठ रोज सकाळी रेडिओवर लागतो, बसमध्ये लागतो, किराणा दुकानात लागतो. तो कानावर आला की हात जोडायचे, ही रीत. बिसोमेनिकेचे दोन्ही हात मात्र पोटाशी गेले होते. निऱ्यांत काहीतरी दडवावं तसे ते तिनं कमरेशी घट्ट दाबून धरले होते.

हे पान तयार करणाऱ्या, कोलंबोहून आलेल्या दिल्रुक्षीनं घाबरून आवाज बंद केला.

"पिरित बंद करा म्हणतेस, नंगी?" जयतिस्स मुदलाली खुर्चीतून अर्धवट उठले. नंगी म्हणजे धाकटी बहीण; वयानं लहान बाईला तशीच हाक मारायची पद्धत. भाताच्या गिरणीचे मालक. नव्या पानाचा खर्च त्यांचा, आणि कोपऱ्यातली म्हातारी म्हणजे त्यांची वारलेली आई. "अगं, पिरित लागलं की गावातली कुत्रीसुद्धा गप्प बसतात. तू तर विहारात नोकरी करतेस!"

"पिरित नाही. आवाज बंद करा म्हणाले मी."

"बिनआवाजाचं पिरित कुठं ऐकलंयस तू?"

विहाराचा कारभार पाहणाऱ्या दायक सभेतली मंडळी हसली. थोरले भिक्खू, लोकु हामुदुरू, हातातला ताडाचा पंखा हलवत राहिले.

"आंटी, मला पण आधी अडचण आली होती," दिल्रुक्षी समजुतीच्या सुरात म्हणाली. "हल्ली फोन आपोआप आवाज लावू देत नाहीत. म्हणून मी युक्ती केलीय. पान उघडल्यावर कुठेही बोट लागलं की पिरित सुरू. धडा उघडायला बोट लावा, नाहीतर नुसतं पान वर सरकवा. चुकायचा प्रश्नच नाही."

"तेच तर! चुकायची सोयच ठेवली नाहीस तू!"

बिसोमेनिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिला नीट, मुद्देसूद बोलायचं होतं. पण रागावलेल्या माणसाचे मुद्दे आधी पळतात आणि शब्द मागं राहतात. ती म्हणाली, "हे पान नाही, लग्नाचा मांडव आहे." मग म्हणाली, "बुद्धाला सोन्याच्या दुकानात बसवलंय तुम्ही." मुदलालींचं सोन्याचं दुकानही होतं, हे तिला नंतर आठवलं. तोवर सभा उठली होती.

राग हा तिचा स्वभावच, असं गाव म्हणे. गावाला काय माहीत! आखातात तिनं उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या घरी भांडी घासण्यात, मुलं सांभाळण्यात काढली. तिकडे रागवायची सोय नव्हती. इतर बायका परतताना ब्लँकेटं आणि टीव्ही बांधून आणतात, तशी ती राग बांधून घेऊन आली होती, आणि आता तो सवडीनं उलगडत होती.

विहाराची ही वेबसाइट तिनं तिकडेच पाहिली होती. घरी बसून धम्म शिकायचा अभ्यासक्रम होता तो. दर पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, एक नवा धडा. धड्याखाली प्रश्न, उत्तरं लिहून पाठवायची. कपडे धुण्याच्या खोलीत, साबणाच्या चुऱ्याच्या डब्यात तिचा दुसरा फोन असे; वाचताना कुणाची चाहूल लागली की ती तो झटकन कमरेशी खोचून वर हात दाबून धरी. पहिला मॅडमच्या कपाटात, सुट्टीच्या दिवशी हातात मिळणारा. मॅडम काही राक्षसीण नव्हती. आजारपणात तिनं स्वतःच्या हातानं सूप पाजलं होतं. पण घराचा नियम तो नियम, आणि दुसरा फोन सापडलेली बाई दुसऱ्या दिवशी कामावरून काढलेली, एजन्सीच्या खोलीत बसलेली असायची.

परत आल्यावर ती विहारात कामाला लागली, संगणक शिकली, आणि वेबसाइट तिच्या हाती आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं पहिल्या पानावरचं सगळं काढून टाकलं. पांढरं पान, काळी अक्षरं, वर आजचा धडा. चित्र नाही, आवाज नाही. कुणी मागून डोकावलंच तर त्याला वाटावं, बाई वांग्याच्या भाजीची कृती वाचतेय. कमी पैशांच्या फोनवरही पापणी लवायच्या आत उघडे. एका धड्याला तीस-चाळीस उत्तरं येत, त्यातली निम्मी आखातातल्या बायकांची. सगळ्यांत नेटकी उत्तरं सुदर्माची. सुदर्मा कधी भेटलेली नव्हती, फोटोही पाहिलेला नव्हता. दर पोयाला पहाटे तिचं उत्तर येई आणि शेवटी एक ओळ असे: "बिसो अक्के, चुकलं असेल तर रागव." बिसोमेनिके तिच्यावर कधीच रागावली नव्हती.

हे सगळं तिनं दुसऱ्या दिवशी लोकु हामुदुरूंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मेनिके, तुझं खरं आहे," ते म्हणाले. "पण भोजनशाळेचं छप्परही मुदलालीच घालून देतायत. पावसाळ्यात भिक्खूंच्या पात्रात पाणी पडतं, तू पाहिलंयस."

"म्हणजे छपरासाठी बायकांना उघड्यावर पाडायचं?"

"बघ, पुन्हा रागावलीस. राग म्हणजे हातात घेतलेला निखारा. दुसऱ्यावर फेकायच्या आधी—"

"आपलाच हात भाजतो. माहितीय, हामुदुरुवने. चौथ्या धड्यात आहे, मीच टाइप केलाय." ती उठली. "पण माझा हात आधीच भाजलाय. आता निदान फेकू तरी द्या."

हामुदुरू हसले. तिला हसू आलं नाही. भल्या माणसांच्या मऊपणाचा तिला दुष्टांच्या कडकपणापेक्षा जास्त संताप यायचा.

मग ती गिरणीवर गेली. मुदलालींच्या अंगावर कोंडा उडालेला होता. त्यांनी तिला बसायला पोतं दिलं, गुळाच्या खड्याबरोबर कोरा चहा मागवला. तिनं या वेळी राग गिळून सांगितलं. साबणाचा डबा, दुसरा फोन, पहाट, सगळं.

"मग त्यांनी कानात घालून ऐकावं."

"कानात काही घालून चालत नाही. हाक मारली तर ऐकू यायला हवी."

"मग आवाज बंद ठेवावा."

"घंटी बंद असतेच. हे त्यानं बंद होत नाही." ती पुढं सरकली. "पिरित राहू द्या की, मुदलाली. नुसतं एक बटण ठेवू. ज्याला ऐकायचंय तो दाबेल."

मुदलाली बराच वेळ कोंडा झटकत राहिले. "माझ्या आईसाठी कुणी दाबलं बटण?" ते एकदम म्हणाले. "इस्पितळात गेली ती. मी गिरणीत होतो, धंद्याचा हंगाम. मरताना माणसाच्या कानावर पिरित पडावं, एवढंच असतं आपलं. तिच्या कानावर काय पडलं? शेजारच्या खाटेवरची क्रिकेटची कॉमेंट्री. आता जगात कुणीही ते पान उघडलं की पिरित होणार, आणि दर वेळी त्याचं पुण्य आईच्या पदरी पडणार. लोकांवर सोडलं ना नंगी, तर कुणी दाबत नाही. मीच नाही दाबलं."

त्यांचे डोळे भरले होते. बिसोमेनिकेचा राग क्षणभर लुळा पडला, आणि याचाच तिला जास्त राग आला. या माणसाला दुष्ट म्हणायचीही सोय नव्हती. स्वतःच्या आईचं न ऐकलेलं पिरित तो आता दुसऱ्यांच्या लेकीबाळींच्या कानात ओतणार होता, आणि तेही रडत रडत.

"तुमच्या आईला पुण्य मिळावं म्हणून माझ्या बायकांनी का मार खायचा?"

"पिरित ऐकून कुणाचं वाईट झालंय का आजवर?" मुदलाली म्हणाले. "चहा घे. गार होतोय."

तिनं चहा घेतला नाही.

ज्योतिषानं पोयाच्या सकाळचा मुहूर्त काढून दिला, सूर्य वर येता येताचा. मुहूर्त ऐकून बिसोमेनिकेनं कपाळावर हात मारला. इकडे सूर्य उगवतो तेव्हा तिकडे अजून पहाट असते. सारं घर गाढ झोपलेलं असतं. सुदर्माची हीच वेळ. दिवस उजाडल्यावर करा, दुपारी करा, म्हणून तिनं दिल्रुक्षीला फोन केला. "आंटी, मुहूर्त मी नाही काढला," दिल्रुक्षी म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग तिनं जुन्या पानावर सगळ्यांत वर ठळक अक्षरांत लिहिलं: पोयापासून हे पान जपून उघडा, बोट लागलं की आवाज होईल. बाकी बायकांची उत्तरं आली, "कळलं अक्के." सुदर्माचं आलं नाही. तिला फोनपाशी जायला फक्त पोयाची पहाट मिळायची. बाईनं सूचना वाचायची कधी?

पोयाच्या सकाळी ग्रंथालयात पितळी समई आली, तिच्या टोकावरचा कोंबडा चिंचेनं घासून लख्ख केलेला. नारळाच्या दुधातल्या किरिबत-भाताची आणि तळलेल्या गोड केवुमची ताटं आली. मुदलालींनी लोकु हामुदुरूंना विड्याच्या पानांची जुडी देऊन वाकून नमस्कार केला. ज्योतिषाच्या घड्याळाकडे सगळे श्वास रोखून बघत होते. बिसोमेनिके दाराशी उभी होती. तिच्या मनात एकच चाललं होतं, आज झोप लाग बाई. आज त्या घरातल्या मुलाला ताप येऊ दे, आज पाहुणे येऊ देत, आज तुला सवडच होऊ नये.

मुदलालींनी बोट टेकवलं. कर्ण्यातून पिरित उसळलं, आवारातल्या बोधिवृक्षापर्यंत गेलं. "साधु! साधु! साधु!" सगळ्यांनी हात जोडले. मुदलाली लहान मुलासारखे रडत होते. पडद्यावर म्हातारी हसत होती.

बिसोमेनिकेनं हात जोडले नाहीत. हे सगळ्यांनी पाहिलं आणि पुढं गावात आठवडाभर चघळलं.

त्या दिवशी सुदर्माचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं एक निरोप आला, आवाजातला. शेजारच्या घरी काम करणारी कुणी बाई कुजबुजत होती; मागं पाण्याचा नळ चालू होता.

"बिसो अक्के, तू मला ओळखत नाहीस. सुदर्मा गेली एजन्सीच्या खोलीत. त्या पहाटे तिनं धडा उघडला आणि एकदम पिरित सुरू झालं. बंद कसं करायचं तेच कळेना. बाळ उठलं, वरच्या मजल्यावर दिवा लागला. मग तिनं फोन बादलीत टाकला. भिजत घातलेल्या कपड्यांत. तरी थोडा वेळ पाण्यातून आवाज येत होता म्हणाली. मारलंबिरलं नाही कुणी. पण दुसरा फोन ठेवला म्हणून काढली. ती त्याचं रडत नाही गं. ती म्हणते, मी माझ्या हातानं पिरित बुडवलं, घाण पाण्यात, त्या बाळाच्या दुपट्यांत. ती जेवत नाही. हामुदुरूंना विचारून सांग म्हणाली, मला पाप लागलं का? मी परवा तिथं जाणारे, तेव्हा सांगीन. पण लवकर सांग, मलाही हे पान परत उघडायचं धाडस नाही."

बिसोमेनिकेनं तो निरोप पुन्हा ऐकला. मग ती उठून सरळ भोजनशाळेत गेली. तिथं मुदलालींच्या आईच्या वर्षश्राद्धाचं दान चालू होतं. भिक्खूंचं जेवण उरकलं होतं, नवं छप्पर डोक्यावर चकाकत होतं, आणि चटईवर बसलेले मुदलाली चंबूतून वाटीत पाण्याची धार धरत होते. वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत धार सोडायची. ते पाणी म्हणजे मेलेल्यांना पोचवलेलं पुण्य. घरचे सगळे एकमेकांच्या खांद्याला हात लावून बसले होते.

"ये, नंगी," मुदलालींनी डोळ्यांनीच जागा दाखवली. "तूही हात लाव. तुझ्या कामाचाही वाटा आहे यात."

"लोकु हामुदुरुवने," बिसोमेनिके उभ्यानंच म्हणाली. ती ओरडत नव्हती, आणि त्यामुळेच सगळे वळून बघायला लागले. "एका बाईनं विचारलंय. झोपलेलं घर जागं होईल या भीतीनं तिनं पिरित वाजणारा फोन बादलीत बुडवला. घाण पाण्यात. तिची नोकरी गेली, ते ती विचारत नाही. तिला पाप लागलं का?"

धार थांबली. लोकु हामुदुरूंनी पंखा खाली ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं; ते मऊ होते, मूर्ख नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "मनात काय होतं त्यावर पाप ठरतं. तिच्या मनात भीती होती, अनादर नव्हता. तिला पाप लागलं नाही. सांग तिला."

"सांगते. मग कुणाला लागलं?"

छपराच्या नव्या पत्र्यावर कावळा चालत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"नाव काय तिचं?" मुदलालींनी हळूच विचारलं. त्यांच्या हातातला चंबू सरळ झाला होता.

"सुदर्मा."

"तिच्याही नावानं मी एक दान देतो. पुढच्या पोयाला. पुण्य तिलाही—"

"ती जिवंत आहे, मुदलाली!" आता मात्र बिसोमेनिके ओरडली. "जिवंत बाईला पुण्य कसलं पोचवताय? तिला धडा हवा होता. एक पांढरं पान हवं होतं, ज्याला बोट लावलं तरी ते ओरडणार नाही. एवढंच मागितलं होतं मी. गिरणीत येऊन, तुमच्या पोत्यावर बसून मागितलं होतं!"

"मला काय माहीत, नंगी..."

"सांगितलं होतं मी. माहीत नाही कसं?"

मुदलालींनी मान खाली घातली. त्यांच्या बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि चंबू पुन्हा कलता केला, कारण अर्धं राहिलेलं पुण्य अर्धं ठेवता येत नाही. "साधु, साधु," लोक पुटपुटले. बिसोमेनिके त्याआधीच बाहेर पडली होती.

ग्रंथालयात जाऊन तिनं शेजारच्या बाईला निरोप धाडला, हामुदुरूंचे शब्द जसेच्या तसे. मग संगणकासमोर बसली. तिनं आवाज काढून टाकला. सोनेरी मूर्ती काढली, उगवता सूर्य काढला. म्हातारीच्या फोटोपाशी तिचा हात थांबला. तीही कुणाची तरी आई, आणि तिनं तरी हे कुठं मागितलं होतं? पण तोही काढला. पान पुन्हा पांढरं झालं. त्यावर तिनं काळ्या अक्षरांत एक ओळ लिहिली.

"सुदर्मा नंगी, तुला पाप लागलं नाही."

सुदर्माकडे आता फोन नव्हता; असता तरी तिनं हे पान पुन्हा उघडलं नसतं. मग ग्रंथालयाची किल्ली लोकु हामुदुरूंच्या ओसरीवर, त्यांच्या चपलांशेजारी ठेवून ती घरी गेली. किल्ली कुणी मागितली नव्हती, आणि परत घे म्हणूनही कुणी आलं नाही.

पुढच्या पोयाला ती विहारात गेली. कामाला नाही, शील घ्यायला, म्हणजे दिवसभराचं व्रत धरायला. पांढरी साडी नेसून, बोधिवृक्षाखाली इतर बायकांमध्ये चटईवर बसली. लोकु हामुदुरू बोलत होते, रागाबद्दलच. बोलता बोलता त्यांची नजर एकदा तिच्यापाशी आली आणि ते वाक्य अर्ध्यावर सोडून दुसऱ्या विषयाकडे वळले. तेवढं तिला पुरेसं वाटलं. तिनं डोळे मिटले, हात मांडीत ठेवले, श्वासाकडे लक्ष लावलं.

आणि ग्रंथालयातून पिरित उसळलं. कुणीतरी तो आवाज पानावर परत बसवला होता, कुणाचं तरी बोट लागलं होतं.

आजूबाजूच्या साऱ्या बायकांचे हात जुळून कपाळाशी गेले. बिसोमेनिकेचे हात मात्र झटक्यात कमरेशी गेले आणि पांढऱ्या साडीवर घट्ट दाबून बसले. तिथं काहीच नव्हतं. तरी पिरित संपेपर्यंत तिनं ते सोडले नाहीत.